थीडा बाराचं काम कोणाच्या मालकीचं होतं?

थीडा बारा चांगली अभिनेत्री होती का? प्रश्न साधा आहे, पण त्याचं खात्रीचं उत्तर देऊ शकेल असा माणूस आज जगात उरलेला नाही. १९१५ ते १९१९ या पाच वर्षांत तिने एकट्या फॉक्स कंपनीसाठी चाळीसच्या आसपास मूकपट केले. त्या काळी अमेरिकेत चार्ली चॅप्लिन आणि मेरी पिकफोर्ड यांच्या पाठोपाठ तिचं नाव घेतलं जायचं. फॉक्ससाठी केलेल्या त्या सगळ्या चित्रपटांपैकी आज सलग पाहता येतात ते दोन. एक १९१५ चा ‘अ फूल देअर वॉज’ आणि दुसरा पुढच्याच वर्षीचा ‘ईस्ट लिन’. त्याआधीची एक किरकोळ भूमिका आणि उतरत्या काळातले दोन चित्रपट यांत मिळवले तरी एका हाताची बोटं पुरतात. १९१७ ची ‘क्लिओपात्रा’ हा तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट. त्यातले काही तुकडेच तेवढे उरले आहेत आणि तेही सेकंदांत मोजावे लागतात.

छायाचित्रं मात्र भरपूर आहेत. काजळाने काळेभोर केलेले डोळे, मोकळे केस, अंगावर सापाच्या वेटोळ्यांचे दागिने. एका छायाचित्रात ती माणसाच्या सांगाड्यावर ओणवी झालेली दिसते, जणू याचं रक्त नुकतंच पिऊन झालं आहे. ही सगळी कंपनीच्या जाहिरात खात्याने काढून घेतलेली. गेली शंभर वर्षं लोक थीडा बाराला ओळखतात ते या छायाचित्रांवरून. तिने काय काम केलं ते कोणी पाहिलेलं नाही आणि तिला कसं विकलं गेलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. मला यात मोठा अन्याय दिसतो. तो टाळता आला असता असंही माझं ठाम मत आहे, म्हणून हा लेख.

तिचं खरं नाव थिओडोशिया गुडमन. जन्म १८८५ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातला. वडील पोलंडहून आलेले ज्यू शिंपी, आई स्वित्झर्लंडची. मुलगी दोन वर्षं विद्यापीठात शिकली, मग नाटकात काम करायला न्यूयॉर्कला गेली आणि तिथे कित्येक वर्षं झगडूनही तिला फारसं काही हाती लागलं नाही. पहिली मोठी भूमिका मिळाली तेव्हा ती तिशीला टेकली होती. त्या वयाची नवखी नटी घेण्याचं धाडस आजही निर्माते सहसा करत नाहीत.

विल्यम फॉक्सच्या प्रसिद्धी खात्याने या शिंप्याच्या मुलीचा नवा जन्मदाखला तयार केला. ही म्हणे सहारा वाळवंटात जन्मली, बाप इटालियन शिल्पकार, आई फ्रेंच नटी, इजिप्तच्या पिरॅमिडांच्या सावलीत हिचं बालपण गेलं. नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट जुळवली की ‘अरब’ आणि ‘मृत्यू’ असे शब्द मिळतात, हेही पत्रकारांना आवर्जून सांगितलं जायचं. खरं तर ‘थीडा’ हे थिओडोशियाचं घरगुती रूप होतं आणि ‘बारा’ आजोळकडच्या एका आडनावातून आलं होतं.

‘अ फूल देअर वॉज’ची कथा मुळात एका नाटकाची आणि ते नाटक रुडयार्ड किपलिंगच्या ‘द व्हॅम्पायर’ या १८९७ च्या कवितेवर बेतलेलं. किपलिंगचा जन्म मुंबईतला, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, त्याचे वडील तिथे शिकवत असत. हिंदी-मराठी चित्रपटांबद्दल बोलताना आपण सर्रास वापरतो तो ‘व्हॅम्प’ हा शब्द घरोघरी पोचला तो याच चित्रपटामुळे आणि याच नटीमुळे. हेलनच्या कॅबरेपर्यंत येऊन पोचलेली ही वाट तिथून निघते. म्हणजे शब्द आपण रोज वापरतो आणि तो जिच्यामुळे रूढ झाला तिचं काम मात्र पाहू शकत नाही.

गोष्ट अशी आहे. एक धनवान, बायको-मुलीत रमलेला वकील सरकारी कामगिरीवर बोटीने युरोपला निघतो. बोटीवर त्याला ही बाई भेटते, जिला चित्रपटात नावही नाही. तिचा आधीचा प्रियकर बोटीच्या डेकवर पिस्तूल रोखून उभा राहतो. ती हातातल्या गुलाबाने ते पिस्तूल बाजूला सारते आणि हसते. ‘माझं चुंबन घे, मूर्खा’ अशा अर्थाची पाटी पडद्यावर येते आणि तो स्वतःवर गोळी झाडतो. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या छायाचित्रांतली, डोळे वटारणारी बाई बघायला मिळेल असं वाटलं होतं. पडद्यावर निराळीच बाई होती. तिच्या हालचाली आळसावलेल्या आहेत, ती घाई करत नाही, समोरच्या माणसाकडे बघण्याआधी फुलाकडे बघते. शेवटी उद्ध्वस्त झालेल्या वकिलाच्या अंगावर ती फुलाच्या पाकळ्या कुस्करून टाकते, तेव्हाही चेहऱ्यावर विजयाचा आव नाही. थोडा कंटाळा आहे. त्या काळच्या अनेक मूकपटांतल्या हातवारे करणाऱ्या अभिनयाशेजारी हा कंटाळा फार धीट वाटतो. पुढच्या चार वर्षांत तिने या शैलीचं काय केलं? ती पक्की झाली की नुसती लकब होऊन बसली? तिने ज्युलिएट केली, कार्मेन केली, सालोमे केली, १९१९ मध्ये एक भोळी आयरिश मुलगीही केली. ज्यू बाईने आयरिश मुलगी का करावी म्हणून त्या चित्रपटाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. त्या भूमिकेत ती कशी होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

१९१५ च्या एका मुलाखतीत ती म्हणाली होती की, मी साकारते ती व्हॅम्पायर म्हणजे स्त्रियांचं शोषण करणाऱ्यांवर माझ्या जातीने, म्हणजे स्त्रीजातीने, घेतलेला सूड आहे. माझा चेहरा व्हॅम्पायरचा आहे, पण काळीज स्त्रीवादी बाईचं आहे. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा अधिकार मिळाला तो १९२० साली. त्याच्या पाच वर्षं आधी एक सिनेमानटी हे बोलते. कंपनीने लिहून दिलेलं वाक्य असेल असं कोणी म्हणेल, तर मी ते खोडून काढू शकत नाही. पण ती स्वतःचं म्हणणं मांडत होती असं मानणाऱ्यालाही पुरावा दाखवता येत नाही. पुरावा तिच्या कामात होता. आणि ते काम जळालं.

९ जुलै १९३७. न्यू जर्सीतल्या लिटल फेरी या छोट्या गावात फॉक्सने आपल्या जुन्या चित्रपटांच्या निगेटिव्ह आणि प्रती साठवल्या होत्या. तोपर्यंत विल्यम फॉक्सच्या हातून कंपनी गेली होती, विलीनीकरण होऊन ती ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ झाली होती. उष्णतेची लाट चालू होती. कोठारात हवा खेळायला जागा नव्हती. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सुरुंगाच्या दारूच्या जवळच्या नात्यातली. ती जुनी झाली की कुजते, कुजताना वायू सोडते, तापते, आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. मध्यरात्रीनंतर भडका उडाला. शेजारच्या वस्तीतला एक मुलगा भाजून मेला. चाळीस हजारांहून जास्त रिळं गेली. थीडा बाराचे बहुतेक चित्रपट त्यात होते. व्हालेस्का सुरॅट ही तिच्यासारख्याच भूमिका करणारी फॉक्सची दुसरी नटी. तिचा तर एकही चित्रपट आज कुठे उपलब्ध नाही. थीडा तेव्हा जिवंत होती, एक्कावन्न वर्षांची. पुढे अठरा वर्षं, १९५५ पर्यंत, ती लॉस एंजेलिसमध्ये जगली.

अपघातच तो, त्यात कोणाचा दोष, असं म्हणून हा विषय सोडून देता येतो. मला ते पटत नाही. आग अपघाताने लागली, पण एका कामाची एवढी सगळी पुंजी एकाच कोंदट कोठारात पडून राहिली ती अपघाताने नाही. १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांची किंमत रातोरात शून्यावर आली. कोठाराचं भाडं, आगीचा विमा, राखणदार हे सगळे खर्च राहिले, उत्पन्न थांबलं. उलट फिल्मवरच्या थरात चांदी असते, ती काढून विकली तर चार पैसे सुटायचे. कंपन्यांनी हिशेब केला. युनिव्हर्सलने १९४८ मध्ये आपले उरलेले मूकपट स्वतःहून नष्ट केले. त्याला आगीचीही गरज पडली नाही. कॅनडातल्या डॉसन सिटी या दूरच्या, बर्फाळ गावात चित्रपट शेवटच्या मुक्कामाला पोचायचे आणि परत पाठवायचं भाडं परवडत नाही म्हणून तिथेच पडून राहायचे. पुढे त्यांतले पाचशेहून अधिक डबे एका तरणतलावाच्या खड्ड्यात भराव म्हणून टाकले गेले. १९७८ मध्ये खोदकाम करताना ते सापडले आणि गोठलेल्या मातीने त्यातलं बरंच राखलं होतं. कंपन्यांच्या कोठारांपेक्षा त्या भरावात जास्त आयुष्य मिळालं!

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या मूकपटांचा ताळेबंद मांडला. १९१२ ते १९२९ या काळात सुमारे ११,००० मोठे मूकपट बनले. मूळ आकारात, पूर्ण स्वरूपात उरले ते फक्त १४ टक्के. सत्तर टक्के समूळ नाहीसे झाले. पूर, युद्ध, भूकंप यांतून आलेला हा विध्वंस नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, शांततेच्या काळात, हिशेबनिसांच्या सल्ल्याने झालेला आहे.

या कथेतला मला सर्वांत जास्त छळणारा भाग वेगळाच आहे. अमेरिकेत १९१२ च्या आधी कॉपीराइटच्या कायद्यात चित्रपट असा प्रकारच नव्हता. छायाचित्र होता. मग निर्माते काय करत? चित्रपटातली एक न् एक चौकट कागदाच्या लांबलचक पट्टीवर छापून, हे छायाचित्र आहे म्हणून, वॉशिंग्टनला सरकारी ग्रंथालयात जमा करत. कागद जळाला नाही, कुजला नाही. पुढे १९५० च्या दशकात त्या पट्ट्यांवरून पुन्हा चित्रपट तयार केले गेले आणि तीन हजारांवर जुने चित्रपट परत मिळाले. मग १९१२ मध्ये कायदा सुधारला, चित्रपटांची रीतसर नोंदणी होऊ लागली. पण नायट्रेट घातक, ग्रंथालयात ठेवायला जागा नाही, म्हणून नोंदणीसाठी आलेल्या प्रती ग्रंथालय मालकांना परत करू लागलं. तीस वर्षं हेच चाललं. एडिसनच्या कंपनीत १८९४ मध्ये कोणी शिंकलं होतं ते आपण आज बघू शकतो आणि १९१७ ची ‘क्लिओपात्रा’ बघू शकत नाही, याचं कारण हे आहे. ती देशाच्या ग्रंथालयाच्या दारापर्यंत जाण्याची सोय होती, आणि त्याच दारातून तिला परत पाठवण्याचीही.

म्हणून मी म्हणते की हा प्रश्न नशिबाचा नाही, कायद्याचा आहे. आज भारतातही तो तसाच उभा आहे.

आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची. त्यात मुंबईचंही एक आहे. पुस्तक चांगलं की टुकार, खपलं की पडून राहिलं, हे कोणी विचारत नाही. चित्रपटासाठी असा कायदा नाही. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासाठी जी प्रत जाते ती तपासणीची आणि नोंदीची असते. निर्मात्याने आपली उत्तमातली उत्तम प्रत कायमच्या जतनासाठी दिलीच पाहिजे, असं बंधन नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी ते अक्षरशः गोळा करून उभं केलं, लोकांच्या मागे लागून, माळ्यांवरून आणि गोदामांतून डबे खाली उतरवून. फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आपण बघू शकतो तो नायर यांच्यामुळे. तरीही भारतात बनलेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी पूर्ण-अपूर्ण मिळून तीसही हाती नाहीत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ नाही. पहिला बोलपट ‘आलम आरा’ नाही.

आणि सुलोचना नाही. मूळची रूबी मायर्स, जन्म पुण्याचा, १९०७ चा. टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करणारी ज्यू घरातली ही मुलगी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या पडद्यावरची सर्वांत मोठी तारका झाली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या १९२७ च्या मूकपटात तिने एकटीने आठ भूमिका केल्या. त्या आठ भूमिकांपैकी एकही आज दिसत नाही. १९७३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. ज्या कामासाठी मिळाला त्यातलं पुरस्कार देणाऱ्यांपैकी तरी किती जणांनी पाहिलं असेल?

पुस्तकासारखीच प्रत्येक चित्रपटाची एक उत्तम प्रत जमा करणं कायद्याने सक्तीचं करा, ही माझी मागणी. यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत.

सगळंच जपायचं म्हटलं तर जागा कुठून आणायची, जे दर्जेदार तेवढं ठेवा, हा पहिला. दर्जा कोण ठरवणार? १९३७ मध्ये कोणत्याही जाणकाराला विचारलं असतं तर थीडा बारा म्हणजे हास्यास्पद, कालबाह्य, डोळे फिरवणारी बाई असंच उत्तर मिळालं असतं. तिचा व्हॅम्प १९२० च्या दशकातच टवाळीचा विषय झाला होता. १९२० मध्ये तिने ब्रॉडवेवर नाटक केलं तेव्हा समीक्षकांनी तिची खिल्ली उडवली, गर्दी मात्र लोटली. आज अमेरिकेनेच ‘अ फूल देअर वॉज’ला २०१५ साली राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मानाने जागा दिली आहे. प्रत्येक पिढीची अभिरुची आधीच्या पिढीला हसते आणि तिसरी पिढी येऊन ते हसणं चुकीचं ठरवते. तिसऱ्या पिढीसाठी काही शिल्लक तर ठेवायला हवं. त्यातही बायकांच्या कामाला, आणि ‘वाईट बाई’ रंगवणाऱ्या बायकांच्या कामाला तर विशेषच, त्या-त्या काळचे जाणकार फार स्वस्तात निकालात काढतात.

दुसरा आक्षेप मालकी हक्काचा. ज्याने पैसा घातला त्याची वस्तू, तो ठेवील नाहीतर फेकून देईल. हा हक्क आपण इतर ठिकाणी इतका मोकाट सोडलेला नाही. पुण्यात वारसा यादीतला स्वतःचा वाडा पाडायचा तर परवानगी लागते. चित्रपटाच्या बाबतीत तर मालकाकडून काही काढूनही घ्यायचं नाही. प्रती त्याच्याच, कमाई त्याचीच, फक्त एक उत्तम प्रत सार्वजनिक ताब्यात, त्याच्या परवानगीशिवाय न दाखवण्याच्या अटीवर. यात त्याचं नुकसान कोणतं? हा प्रश्न जुन्या रिळांपुरता राहिलेला नाही. २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने ‘बॅटगर्ल’ हा चित्रीकरण पूर्ण झालेला चित्रपट करांच्या हिशेबासाठी कायमचा गुंडाळून ठेवला. कित्येक मालिका आणि चित्रपट आता फक्त एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात, प्रतही विकत मिळत नाही. एका दिवशी यादीतून नाव काढलं की प्रेक्षकापुरतं ते संपलं. त्यात काम केलेल्या नटीला, संकलकाला, छायालेखकाला साधं विचारलंही जात नाही. थीडाला आठवड्याला पगार मिळत होता, शेवटी शेवटी चार हजार डॉलर. त्या पगारात तिचं काम नष्ट करण्याचा हक्कही विकला गेला होता असं मानणं मला मंजूर नाही.

तिसरा आक्षेप माझ्यासाठी सर्वांत अवघड आहे. सरकारी ताब्यात दिल्याने तरी काय वाचतं? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि संग्रहालयाचा नायट्रेटचा अमूल्य साठा राख झाला. तो साठा सार्वजनिक मालकीचाच होता. जिथे ‘संत तुकाराम’ घडला, त्या जागी हे व्हावं, याचं दुःख अजून ओसरलेलं नाही. हा आक्षेप मी खोडत नाही, मी तो माझ्या मागणीत घेते. एक प्रत, एक इमारत, एक शहर एवढ्यावर विसंबणं हाच लिटल फेरीचा गुन्हा होता. प्रत जमा करणं सक्तीचं हवं आणि ती दोन वेगळ्या शहरांत ठेवणंही सक्तीचं हवं. नायट्रेट असेल तर नव्या फिल्मवर उतरवून घेणं, डिजिटल असेल तर ठरावीक वर्षांनी नव्या माध्यमावर नेणं, या कामाला दरवर्षी मिळेल अशी तरतूद हवी. मिशन जाहीर झालं की पैसा येतो, मिशन संपलं की थांबतो. कुजण्याची क्रिया मात्र कोणत्याही मिशनची मुदत पाळत नाही.

खर्च कोणी करायचा, तर त्यातला वाटा चित्रपट विकणाऱ्यांनी उचलावा. पुस्तकाचा प्रकाशक आपल्या तुटपुंज्या नफ्यातून प्रती फुकट देतो, सत्तर वर्षं देत आला आहे. शंभर-दोनशे कोटींचा चित्रपट काढणाऱ्याला एक चांगली प्रत आणि तिच्या साठवणीची रक्कम प्रमाणपत्राच्या शुल्कासोबत भरायला सांगणं अवाजवी नाही. छोट्या मराठी निर्मात्याला ते जड जाईल, त्याच्यासाठी शुल्क माफ करावं आणि राज्य सरकारने भरावं. पुण्यामुंबईत आज जे मराठी निर्माते हार्ड डिस्कवर चित्रपट ठेवून, ती कपाटात बंद करून निर्धास्त झाले आहेत, त्यांनी कायदा येण्याचीही वाट पाहू नये. हार्ड डिस्क दहा वर्षांनी चालू होईलच याची हमी ती विकणारा दुकानदारही देत नाही.

मेरी पिकफोर्डने आपल्या चित्रपटांचे हक्क आणि प्रती स्वतः विकत घेऊन ठेवल्या होत्या. एका टप्प्यावर, लोक आपल्याला हसतील म्हणून, सगळं जाळून टाकायचं तिच्या मनात आलं होतं. लिलियन गिशसारख्या मैत्रिणींनी तिला परावृत्त केलं आणि अखेर तो साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. पिकफोर्ड आज पडद्यावर दिसते. तिच्याकडे पैसा होता, स्वतःची कंपनी होती. पगारावर काम करणाऱ्या थीडाकडे यातलं काहीच नव्हतं, आणि १९३७ च्या त्या उन्हाळ्यात तिचे डबे कुठे ठेवलेत हे तिला विचारायला किंवा सांगायला कोणी बांधील नव्हतं.